सिंधुदुर्गाच्या तटाखालची प्रवाळमोजणी

पहिला दिवस : मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी

कोल्हापूरहून पहाटे सुटलेली एसटी राधानगरी मागे टाकून फोंडा घाट उतरू लागली, तेव्हा थंडी गेली आणि हवेत दमटपणा जाणवू लागला. माझ्याबरोबर एम. एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी होते, एक मुलगी आणि एक मुलगा. दोघांनीही पाण्याखाली उतरण्याचे रीतसर प्रशिक्षण गेल्या वर्षी पूर्ण केले होते, परंतु पाण्याखाली काही मोजण्याचा अनुभव त्यांना नव्हता. पोहणे, श्वास सांभाळणे आणि त्याच वेळी डोळ्यांसमोरच्या सेंटीमीटरच्या खुणा वाचून लिहीत जाणे ही तीन कामे एकत्र करणे किती अवघड असते, हे पुस्तकातून शिकवता येत नाही आणि म्हणूनच आम्ही मालवणला निघालो होतो.

आमच्या सामानात पन्नास मीटरच्या दोन फिती, प्लास्टिकच्या पांढऱ्या पाट्या आणि त्यांना दोरीने बांधलेल्या पेन्सिली, पाण्याचा निवळपणा मोजण्याची पांढरी तबकडी, क्षारता मोजण्याचे छोटे दुर्बिणीसारखे उपकरण, प्रवाळांचे रंग ताडून पाहण्याचे तक्ते आणि तापमान नोंदवणारी आगपेटीएवढी दोन यंत्रे होती. नमुने ठेवण्यासाठी मात्र एकही बाटली घेतलेली नव्हती. खडकासारखा सांगाडा बांधणारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. आमची परवानगी पाहण्याची, मोजण्याची आणि छायाचित्रे घेण्याची होती. तुटून पडलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही, हे मी दोघांना घाटात आणि नंतर कणकवलीला चहा घेताना असे दोनदा सांगितले.

मालवणला पोचल्यावर गटप्रमुख संशोधिका भेटल्या. त्या गेली काही वर्षे याच खडकांवर ठरलेल्या जागी मोजणी करत आहेत आणि आम्ही त्यांच्या हाताखाली पाच दिवस काम करणार होतो. त्यांनी पहिल्याच बैठकीत एक गैरसमज दूर केला. भारतातील मोठे प्रवाळखडक म्हणजे कच्छचे आखात, लक्षद्वीप, मन्नारचे आखात व पाल्कचा उपसागर आणि अंदमान-निकोबार. मालवण त्या यादीत येत नाही, कारण येथे प्रवाळांनी स्वतः रचलेला खडक नाही. पाण्यात आधीपासून असलेल्या खडकांवर प्रवाळांच्या वसाहती विखुरलेल्या आहेत. पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी आणि गाळ ज्या किनाऱ्यावर येऊन पडतो, तेथे प्रवाळ वाढणे कठीण, असाच समज फार काळ होता. १९७९ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासिम आणि वफर या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळे असल्याची नोंद प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून या किनाऱ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाऊ लागले. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतालचे पाणी त्याच्या गाभ्यात येते. आपल्या पिढीजात मासेमारीवर बंधने येतील या भीतीने येथील मच्छीमारांनी अभयारण्याला सुरुवातीपासून विरोध केला, ही गोष्टही गटप्रमुखांनी आडपडदा न ठेवता सांगितली. ही गोष्ट वगळून मालवणच्या प्रवाळांबद्दल बोलणे मला अपुरे वाटते.

संध्याकाळी दांडीच्या किनाऱ्यावर आमच्या होडीच्या तांडेलांची गाठ पडली. सगळे त्यांना तात्या म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. माझ्या विद्यार्थ्याने मोबाइलवर भरती-ओहोटीचे कोष्टक उघडले, तेव्हा तात्यांनी ते पाहिलेही नाही. “बाई, तिथीची पाऊणपट काढा, भरतेचो येळ गावता,” ते म्हणाले. म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी, आणि मालवणात ती त्याहून थोडी आधी. आम्ही कोष्टकाशी ताडून पाहिले आणि हिशेब जुळला. आम्ही अष्टमी मुद्दाम निवडली होती. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोराने धावते आणि तळाचा गाळ उठतो, तर अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद असतो आणि पाण्याखाली थोडे अधिक दिसते.

दुसरा दिवस : अष्टमी

सकाळी मतलई वारा होता आणि समुद्र तेलासारखा शांत होता. तात्यांनी होडी सरळ न नेता किल्ल्याच्या बाजूने वळसा घालत नेली, कारण पाण्याखालचे खडप कोठे वर आले आहेत हे त्यांना ठाऊक होते. ठरलेली जागा शोधताना उपग्रहाच्या साहाय्याने जागा दाखवणारे यंत्र आम्हाला काही मीटरच्या फरकाने फिरवत राहिले, पण तात्यांनी तटाचा एक बुरूज मागच्या माडांच्या एका झुबक्याशी आणि दुसऱ्या बाजूचे टेकाड किनाऱ्यावरच्या एका छपराशी जुळवले आणि म्हणाले, “हयच ता. नांगर रेवेत टाकतंय, खडपार नाय.” खाली उतरल्यावर खडकात गेल्या वर्षी ठोकलेली खूण हाताच्या अंतरावर सापडली.

मालवणचे पाणी पाहून ज्यांना लक्षद्वीपची छायाचित्रे आठवतात त्यांची निराशा होईल. आमची पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली, तेव्हा ती तीन-चार मीटरवरच दिसेनाशी झाली, आणि ही स्थिती चांगली समजली जाते. खाली सहा मीटरवर प्रकाश हिरवट होता. आपल्या जोडीदाराचा हात दिसतो पण त्याच्या पलीकडचा फितीचा भाग दिसत नाही, असे ते दृश्य असते. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी शोषला जातो, म्हणून सारे काही राखी-हिरवे भासते आणि विजेरीचा झोत पडताच एखादा स्पंज नारिंगी, एखादे शैवाल तांबडे होऊन समोर येते. मला स्वतःला या अंधुक पाण्याबद्दल विशेष जिव्हाळा वाटतो, कारण येथे जे जगते ते फार प्रतिकूल परिस्थितीत जगते.

प्रवाळ ही वनस्पती नव्हे आणि दगडही नव्हे, हे वर्गात शेकडो वेळा सांगितलेले वाक्य खाली उतरल्यावर अर्थपूर्ण होते. समोरचा गोलसर धोंडा म्हणजे मिलिमीटरभर आकाराच्या हजारो प्राण्यांची, पॉलिपांची, वसाहत असते. प्रत्येक पॉलिप आपल्याखाली चुन्याचा पेला बांधतो आणि त्याच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा त्याला देतात. मालवणला मला सर्वाधिक भेटले ते पोराइटिस. त्याचे पेले इतके बारीक असतात की लांबून वसाहत गुळगुळीत दिसते. फेव्हाइटिसचे पेले मोठे, एकमेकांत भिंती वाटून घेतलेले, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. टर्बिनेरिया मात्र पातळ पत्र्यासारखा वळून वर येतो आणि पळसाच्या पानांचा द्रोण उघडा ठेवावा तसा दिसतो. त्या द्रोणात गाळ साचतो, आणि प्रवाळ श्लेष्मल स्राव सोडून व सूक्ष्म केसांच्या हालचालीने तो गाळ हळूहळू बाहेर लोटत राहते. याच कष्टाच्या बळावर ही मंडळी गढूळ पाण्यात टिकली आहेत. फांद्या फुटलेली नाजूक प्रवाळे, जी चित्रांत नेहमी दिसतात, ती आम्हाला येथे दिसली नाहीत.

मोजणीची पद्धत ऐकायला अगदी सोपी आहे. वीस मीटरची फीत तळाला लागून ताणायची आणि दर अर्ध्या मीटरला फितीच्या नेमके खाली काय आहे ते लिहायचे: जिवंत कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, नुकतेच मेलेले प्रवाळ, शैवाल, स्पंज, खडक, वाळू, गाळ. एका फितीवर चाळीस नोंदी होतात आणि मध्ये पाच-पाच मीटर अंतर सोडून अशा चार फिती झाल्या की एकशे साठ. यात अंदाजाला जागा नाही. सुंदर वसाहत फितीपासून चार बोटे बाजूला असेल तर ती लिहायची नाही आणि फितीखाली नुसता गाळ असेल तर गाळच लिहायचा. नेमका हाच संयम नवशिक्याला जड जातो. माझ्या विद्यार्थिनीने पहिल्या फितीवर तीन ठिकाणी फीत किंचित सरकवून प्रवाळावर आणली होती, आणि वर आल्यावर तिने ते स्वतःहून सांगितले. गटप्रमुखांनी तिला रागावण्याऐवजी ती संपूर्ण फीत रद्द करून अकराच्या थबकलेल्या ओहोटीला पुन्हा मोजायला लावली.

दुसऱ्या बुडीत एक वेगळी परीक्षा झाली. एकाच फितीवर दोघांनी एकमेकांना न दाखवता नोंदी करायच्या आणि वर येऊन पाट्या शेजारी ठेवायच्या. चाळीसपैकी सात नोंदी जुळल्या नाहीत. त्यांतील पाच एकाच प्रकारच्या होत्या: विद्यार्थ्याने जेथे ‘खडक’ लिहिले तेथे विद्यार्थिनीने ‘शैवालाने झाकलेले मृत प्रवाळ’ लिहिले होते. दिसायला दोन्ही सारखेच, पण अर्थ अगदी निराळा, कारण पहिल्यात तेथे कधी काही नव्हते असे ठरते आणि दुसऱ्यात काहीतरी होते व ते गेले असे ठरते. मग आम्ही होडीत बसून छायाचित्रे मोठी करून पाहिली. तीन ठिकाणी शैवालाच्या खाली पेल्यांची जुनी नक्षी स्पष्ट दिसत होती. दोन ठिकाणी काहीच ठरवता आले नाही, म्हणून तेथे ‘अनिश्चित’ लिहिले. असे ‘अनिश्चित’ लिहिण्याचे धैर्य ज्या नोंदवहीत आहे तिच्यावर मी अधिक विश्वास ठेवते.

रात्री पाट्यांवरचे सारे वहीत उतरवले, दोघांनी एकमेकांचे वाचून पडताळले आणि मगच पाट्या वाळूने घासून पुसल्या.

तिसरा दिवस : नवमी

आजचा दिवस रंगांचा होता. क्वीन्सलँड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी तयार केलेला एक तक्ता जगभर वापरला जातो. त्यावर चार रंगछटांच्या ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत फिकटापासून गडदापर्यंत सहा पायऱ्या. तक्ता वसाहतीशेजारी धरायचा आणि तिच्या सर्वांत फिकट व सर्वांत गडद भागाची पायरी लिहायची, एवढेच काम. रंग गडद याचा अर्थ ऊतींत सहजीवी शैवाले भरपूर आहेत. पाणी नेहमीपेक्षा तापले की हे सहजीवन बिघडते, शैवाले बाहेर टाकली जातात आणि पारदर्शक ऊतींतून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. मराठीत याला विरंजन म्हणतात. पांढरे पडलेले प्रवाळ मेलेले नसते, ते उपाशी असते. पाणी लवकर निवले तर शैवाले परत येतात, पण उष्णता रेंगाळली तर प्रवाळ दगावते आणि त्या सांगाड्यावर काही दिवसांतच हिरवट शैवालाची लव चढते.

ही उष्णता मोजण्याचे अमेरिकेच्या नोआ या संस्थेचे माप मी विद्यार्थ्यांना होडीतच समजावून सांगितले. त्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीहून एक अंश अधिक तापमान एक आठवडा राहिले तर एक एकक धरायचे आणि गेल्या बारा आठवड्यांतील अशी एकके मिळवत जायची. बेरीज चारवर गेली की विरंजन संभवते आणि आठवर गेली की मोठ्या प्रमाणावर मृत्यू संभवतात. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या तीन जागतिक विरंजनांनंतर चौथे सुरू असल्याची घोषणा एप्रिल २०२४ मध्ये झाली आणि त्याच उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपमध्येही प्रवाळे मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. उपग्रह मात्र समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान पाहतो. किनाऱ्यालगत सहा मीटर खोल, गढूळ पाण्यात, ओहोटीच्या दुपारी प्रत्यक्षात काय होते ते त्याला कळत नाही. त्यासाठीच आमची आगपेटीएवढी यंत्रे होती.

डिसेंबरचे पाणी निवलेले असल्याने बहुतेक वसाहती गडद पायऱ्यांवर होत्या. एका मोठ्या पोराइटिसपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. त्याचा गोळा गुडघ्याएवढा उंच होता. पोराइटिसची वाढ अनेक समुद्रांत वर्षाला साधारण एक सेंटीमीटर मोजली गेली आहे. तो वेग येथे गृहीत धरला तर हा गोळा पन्नास वर्षांच्या आसपासचा, म्हणजे अभयारण्य जाहीर होण्याआधीपासून येथे बसलेला. त्याच्या माथ्यावर हातभर लांबीचा पांढरा ओरखडा होता. विरंजनाचा पांढरा भाग मऊ कडांनी विरत जातो, हा मात्र सरळ कडांचा होता, मध्ये खोल खाच पडली होती आणि शेजारी तुटलेले दोन तुकडे गाळात पडले होते. नांगर ओढला गेल्याची ही खूण आहे, असे गटप्रमुखांनी पाटीवर लिहून दाखवले. कोणत्या होडीचा, कधीचा, हे सांगता येणार नाही आणि ते शोधण्यात अर्थही नाही. पर्यटनाच्या दिवसांत या खडकांभोवती अनेक होड्या उभ्या असतात. खडकापासून दूर पक्के तरंगते दोरखंड ठेवले आणि प्रत्येक होडी त्यालाच बांधली तर नांगर टाकण्याची गरजच उरणार नाही, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. पन्नास वर्षांची वाढ एका ओढीत खरवडली जाते, हे पाहून मला खरोखर वाईट वाटले आणि त्या दिवशी मी फारशी बोलले नाही.

दुपारनंतर माशांची मोजणी होती. ती प्रवाळांच्या मोजणीआधी करावी लागते, कारण फीत टाकताना मासे बिचकतात. म्हणून फीत टाकून पंधरा मिनिटे दूर थांबायचे, मग संथपणे पुढे जात फितीच्या दोन्ही बाजूंच्या ठरावीक पट्ट्यातलेच मासे मोजायचे. येथे दिसते कमी, त्यामुळे आम्ही पट्टा अरुंद धरला. फुलपाखरू मासे दोन-दोनच्या जोडीने होते. काही फुलपाखरू मासे पॉलिपांवर जगतात, म्हणून ते विशेष लक्षपूर्वक लिहितात. खडकाच्या कपारीत एक गोबरा मासा निश्चल होता. पण एका जागी आमची पद्धतच कोलमडली. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे आमच्यापासून पळण्याऐवजी थव्याने अंगावर धावून आले आणि पाटीला तोंडे लावू लागले. पर्यटकांची छायाचित्रे चांगली यावीत म्हणून येथे पाण्यात पाव टाकला जातो आणि माणूस म्हणजे अन्न, हे मासे शिकले आहेत. अशा जागी जी संख्या मिळते ती खडकावरच्या माशांची नसते, आपल्याभोवती जमलेल्या माशांची असते. शिवाय जे मासे शैवाल खरडून खातात तेच पावावर पोट भरू लागले, तर प्रवाळाच्या नव्या पिल्लांना बसायला स्वच्छ खडक कोण ठेवणार, हा प्रश्न मला त्या थव्यात उभी असताना सुचला. आम्ही त्या फितीची मासेमोजणी रद्द केली आणि कारण सविस्तर लिहून ठेवले.

चौथा दिवस : दशमी

पहाटेपासून वारा फिरला आणि तात्यांनी होडी काढायला नकार दिला. पाणी ढवळलेले होते, खाली हातसुद्धा दिसला नसता. सकाळ छायाचित्रांवरील खुणा लावण्यात गेली. प्रत्येक छायाचित्रावर संगणकाने ठरवलेले बिंदू पडतात आणि प्रत्येक बिंदूखाली काय आहे ते आपण नोंदवायचे असते. विद्यार्थ्यांनी ते काम दुपारी एकपर्यंत मुकाट्याने केले.

वारा पडल्यावर मोठ्या होडीने किल्ल्यावर गेलो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी या दुर्गाची पायाभरणी केली आणि सुमारे तीन वर्षांत तो उभा राहिला. तट जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा आहे. भोवतालच्या बुडालेल्या खडकांमुळे परक्या जहाजांना जवळ येणे अवघड व्हावे, हे जागा निवडण्यामागचे एक कारण होते, आणि ज्यांना वाटा ठाऊक होत्या ते येथलेच कोळी-गाबीत दर्यावर्दी होते. तटावर उभी राहून पाहताना माझ्या मनात आले की ज्या खडपांनी शत्रूची जहाजे दूर ठेवली, त्याच खडपांवर आज आपली प्रवाळे बसली आहेत, आणि परवा तात्यांनी होडी वळसा घालून नेली ती त्याच जुन्या ज्ञानावर. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी दोघांनी पाहिल्या. विद्यार्थिनीने विचारले की हेच गोडे पाणी पावसाळ्यात समुद्रात उतरते तेव्हा खालच्या प्रवाळांचे काय होते. प्रश्न योग्य होता. क्षारता फार उतरली तर प्रवाळ मरते. परंतु गोडे पाणी हलके असल्याने वरच्या थरात तरंगते आणि काही मीटर खोलीवरच्या वसाहती त्यातून बऱ्याच अंशी वाचतात. उथळ खडकावर मात्र चिवट जातीच टिकतात. पावसाळ्यात येथे कोणी उतरू शकत नाही, म्हणून वर्षातील सर्वांत कठीण चार महिने आपल्या नोंदींत रिकामे राहतात, आणि यंत्राखेरीज ते भरून काढण्याचा मार्ग नाही.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकांची पाहणीही राहिली, कारण भांगाच्या ओहोटीला ते खडक पुरेसे उघडे पडत नाहीत. ती पौर्णिमेच्या उधाणासाठी ठेवली.

पाचवा दिवस : एकादशी

सकाळी दांडीवर रापण ओढली जात होती. होडीतून अर्धवर्तुळाकार टाकलेल्या जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे लयीत ओढतात आणि शेवटी जाळे वाळूवर येते. माझ्या विद्यार्थ्यानेही दोर धरला. तारले, पेडवे, थोडे बांगडे आणि म्हाकूल आले. एका वृद्ध रापणकरांनी ढिगाकडे पाहून पूर्वीच्या ढिगाची उंची हाताने दाखवली. पर्ससीन जाळ्यांवर राज्य शासनाने २०१६ मध्ये निर्बंध आणले, तरी पारंपरिक मच्छीमारांचे त्याविषयीचे गाऱ्हाणे संपलेले नाही, हे त्यांच्या बोलण्यातून कळले. खडकांवरच्या प्रवाळांचा आणि या जाळ्यातल्या तारल्यांचा थेट संबंध जोडण्याची घाई मी करणार नाही, कारण तारले मोकळ्या पाण्यातले आहेत. परंतु गोबरा, तांबोशी यांसारखे मासे खडपांच्या आसऱ्याने वाढतात, आणि गळ टाकणाऱ्याला खडप कोठे आहे हे माहीत असण्याचे कारण तेच आहे.

शेवटची बुडी यंत्रांसाठी होती. गेल्या वर्षी बसवलेले यंत्र शोधायला आम्हाला वेळ लागला, कारण त्यावर कालवे, शैवाल आणि गाळ यांचा इतका थर चढला होता की ते खडकाचाच भाग झाले होते. विद्यार्थिनीने ते हाताने चाचपून ओळखले. ते सोडवले आणि नवे यंत्र दोन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी खुणेच्या खिळ्याला घट्ट बांधले. दर अर्ध्या तासाला एक नोंद, म्हणजे दिवसाला अठ्ठेचाळीस. ओरखडा पडलेल्या पोराइटिसजवळून परतताना आम्ही त्याचे छायाचित्र शेजारी मोजपट्टी धरून घेतले, कारण जखमेच्या कडेने ऊती आत सरकत असतील तर पुढच्या वेळी ते सेंटीमीटरात दिसेल. प्रवाळे अशी जखम भरून काढू शकतात, मात्र शैवालाने ती जागा आधी बळकावलेली नसावी लागते. गोळ्याच्या पूर्वेकडे जखमेला लागून शैवालाची लव दिसत होती, पश्चिमेकडची कड स्वच्छ होती. दोन्ही गोष्टी लिहिल्या.

होडीत तात्यांनी आमची वही मागितली. त्यांना आकडे वाचायचे नव्हते. आमच्या जागेच्या नोंदीत यंत्राने दिलेले अक्षांश-रेखांश होते, त्याखाली त्यांनी बुरूज कोणता, माड कोणते, टेकाड कोणते आणि छप्पर कोणाचे हे एकेक करून मला सांगितले. “ह्यां तुमी लिवन ठेवा, बाई. ता छप्पर पडला तर वडाची खूण धरा.” मी त्यांच्या शब्दांत ते सारे लिहून घेतले आणि गटप्रमुखांनी त्यावर तारीख घातली.

कणकवलीच्या गाडीत बसल्यावर दोघे विद्यार्थी पाट्यांची छायाचित्रे वहीशी पुन्हा एकदा ताडून पाहू लागले. यंत्रातील वर्षभराचे तापमान उद्या संगणकावर उतरेल. पुढची फेरी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पाणी सर्वाधिक तापलेले असताना आणि मासेमारीबंदीच्या आधी. तात्यांनी तेव्हाची तिथी आताच काढून ठेवली आहे.